मधुमेह आणि हृद्‌रोहिणी शस्त्रोपचार

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. या रोहिण्यांच्या भित्तीत वसामय पदार्थ साचून त्या अरुंद झाल्या म्हणजे छातीत कळा येतात व हृदयविकाराचा झटका संभवतो. अशा वेळी रक्तप्रवाह पूर्ववत करण्याचे दोन मार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. पहिला, ‘बायपास’ या नावाने सर्वपरिचित असलेली उपमार्ग शस्त्रक्रिया आणि दुसरा, फुग्याच्या साहाय्याने रोहिणी आतून रुंद करण्याची अँजिओप्लास्टी. मधुमेही रुग्णांत या दोन्हींची फलिते इतरांहून निराळी असतात, हे निर्विवादपणे ध्यानात येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

हृदयाला नव्या वाटेने रक्त पोहोचविण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत मुंबईचा वाटा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद प्रफुल्लकुमार सेन व त्यांचे सहकारी यांनी 1965 मध्ये एक विलक्षण कल्पना मांडली. सरीसृपांच्या हृदयस्नायूला निलयातील रक्त थेट मिळते, या निरीक्षणावरून त्यांनी हृदयस्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडण्याची पद्धती सुचविली. ती रुळली नाही; परंतु पुढे लेसर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्यात आली, तेव्हा सेन यांच्या कार्याचे स्मरण झाले. 1967 मध्ये रेने फावालोरो यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे पायातील नीलेचा तुकडा वापरून उपमार्ग शस्त्रक्रिया रूढ केली. आंद्रेआस ग्रुंट्‌सिग यांनी 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिक येथे हृद्‌रोहिणीची पहिली अँजिओप्लास्टी केली. या काळात मधुमेह हे एका वेगळ्याच वैद्यकशाखेचे क्षेत्र मानले जाई. भारतीय मधुमेह संघटना मुंबईत 1955 मध्येच स्थापन झाली होती. तथापि मधुमेहतज्ञ व हृदयशल्यविशारद यांचा नित्याचा संबंध शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी साखर तपासण्यापुरताच असे, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

वस्तुतः मधुमेहात रोहिणीचा विकार एका जागी थांबत नाही. रक्तातील वाढलेल्या ग्लुकोजामुळे रोहिणीच्या अंतःस्तराचे कार्य बिघडते, बिंबाणू अधिक चिकट होतात आणि अरुंदपणा रोहिणीच्या दूरवरच्या बारीक शाखांपर्यंत पसरतो. फुग्याने रुंद केलेली जागा भरून येताना तेथील पेशींची वाढ मधुमेहीत अधिक होते. त्यामुळे ती पुन्हा अरुंद होते. शिवाय अँजिओप्लास्टीने एकच ठिकाण दुरुस्त होते. उपमार्गाचे तसे नाही. तो रोहिणीच्या पुढील भागाला जोडलेला असल्याने मधल्या टप्प्यात पुढे नवा अडथळा उत्पन्न झाला, तरी रक्त पोहोचतच राहते.

या फरकाचे मोल अमेरिकेतील ‘बारी’ या चाचणीने दाखवून दिले. 1988 ते 1991 या काळात एकाहून अधिक रोहिण्यांचा विकार असलेले 1,829 रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. एकंदर रुग्णांत दोन्ही उपचारांनंतरची जीवितता जवळजवळ सारखीच भरली. परंतु औषधे किंवा इन्शुलीन घेणाऱ्या 353 मधुमेहींपैकी शस्त्रक्रिया झालेले 80.6 टक्के, तर अँजिओप्लास्टी झालेले केवळ 65.5 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. सप्टेंबर 1995 मध्ये अमेरिकन आरोग्य संस्थेने डॉक्टरांना खास इशारा दिला. हा लाभ मुख्यतः छातीतील अंतःस्तन रोहिणी उपमार्ग म्हणून वापरलेल्या रुग्णांना झाला होता. केवळ पायातील नीला वापरलेल्या मधुमेहींत हृदयजन्य मृत्यूंचे प्रमाण अँजिओप्लास्टीइतकेच भरले. निष्कर्षाविषयी वादही झाले. मधुमेहींचा गट चाचणीच्या मूळ आराखड्यात वेगळा काढलेला नव्हता आणि ज्यांनी उपचार डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतः निवडला होता, अशा रुग्णांत एवढी तफावत दिसली नाही. रुग्ण पारखून घेणाऱ्या डॉक्टरांच्या अनुभवालाही काही अर्थ होता, असा याचा एक अन्वय लावता येतो.

दरम्यान जाळीदार नळी म्हणजे स्टेंट व पुढे औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. आता मधुमेहींचाही प्रश्न सुटला, असा समज पसरला. तो ‘फ्रीडम’ चाचणीने 2012 मध्ये दूर केला. 1,900 मधुमेही रुग्णांत पाच वर्षांच्या काळात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडल्याचे प्रमाण स्टेंट बसविलेल्यांत 26.6 टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत 18.7 टक्के आढळले. पक्षाघात मात्र शस्त्रक्रियेनंतर अधिक, म्हणजे 2.4 टक्क्यांऐवजी 5.2 टक्के होता. भारतातील ‘टक्सेडो’ चाचणीत (2015) 1,830 मधुमेहींमध्ये दोन प्रकारच्या लेपांची तुलना झाली. एका वर्षात उपचारित रोहिणीसंबंधी अपयश एव्हरोलिमसच्या स्टेंटमध्ये 2.9 टक्के व पॅक्लिटॅक्सेलच्या स्टेंटमध्ये 5.6 टक्के आले.

शस्त्रक्रियाही मधुमेहीला निर्धोक नसते. उरोस्थीची जखम पिकणे, वृक्कांचे कार्य मंदावणे हे धोके त्याला अधिक असतात. पोर्टलंड येथे शस्त्रक्रियेच्या काळात इन्शुलीन त्वचेखाली टोचण्याऐवजी शिरेतून अखंड देण्यास प्रारंभ झाल्यावर जखमेतील खोल संसर्ग 2 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आला, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या उपायाने एवढा फरक पडल्याची उदाहरणे शल्यविज्ञानात थोडीच आहेत.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक बिकट आहे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविल्याप्रमाणे भारतीय माणूस दिसण्यात सडपातळ असूनही त्याच्या शरीरात वसेचे प्रमाण जास्त असते. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजन निर्देशांक सारखाच, 22.3, परंतु शरीरातील वसा युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. भारतात मधुमेहींची संख्या 10.1 कोटी असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईच्या उपनगरांत या उपचारांची सोय झपाट्याने वाढली. वांद्रे-कुर्ला संकुलातील एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील चमूने 24 जानेवारी 2009 रोजी दिल्लीत तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यावर उपमार्ग शस्त्रक्रिया केली. मधुमेह असलेल्या सिंग यांची पहिली अशी शस्त्रक्रिया 1990 मध्ये इंग्लंडमध्ये झाली होती. 76 व्या वर्षी दुसऱ्यांदा छाती उघडल्यानंतर ते पाच वर्षांहून अधिक काळ पंतप्रधानपदी राहिले व 2024 च्या डिसेंबरात निवर्तले. सर्वसाधारण रुग्णाची स्थिती वेगळी असते. दिंडोशी, घाटकोपर किंवा मुलुंड येथील रोजंदारीवरील माणसाला काही दिवसांत कामावर परतू देणारी अँजिओप्लास्टी साहजिकच जवळची वाटते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी मुंबई उपनगरासह आठ जिल्ह्यांत सुरू झाली व तिच्यात दोन्ही उपचार अंतर्भूत झाले. फेब्रुवारी 2017 मध्ये लेपयुक्त स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरविण्यात आली. खर्चाची अडचण त्यामुळे काहीशी कमी झाली. परंतु तपासणीच्या मेजावरच, त्याच बैठकीत स्टेंट बसविण्याची प्रथा अनेक ठिकाणी असल्याने मधुमेही रुग्णाला शल्यविशारदाचे मत घेण्यास पुष्कळदा सवडच मिळत नाही. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला असताना मात्र विलंब करणे घातक असते. तेथे मधुमेह असो वा नसो, बंद झालेली रोहिणी तत्काळ उघडणे हाच उपचार मानला जातो.