माळ्यावरची पत्रे

जपानात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या पाकिटात आता त्या येऊन बसल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या पाच हजार येनच्या नव्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे त्या त्सुदा उमेको. स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी आणि १९०० साली तोक्योत सुरू झालेल्या ‘जोशी एइगाकु जुकु’च्या संस्थापक, ही ओळख आपल्या मुलांना शाळेतूनच होते. (नावातला ‘जोशी’ आपल्या पुण्याचा नव्हे. जपानीत जोशी म्हणजे स्त्रिया, मुली. तरी या लेखात पुढे एक खऱ्याखुऱ्या जोशीही येणार आहेत.)

थोरांची चरित्रे बहुधा भाषणे, अहवाल आणि शिष्यांच्या आठवणी यांवर उभी असतात. त्यांत माणूस दिसतो तो आंघोळ करून, कपडे बदलून बैठकीत आलेला. उमेकोंच्या बाबतीत मात्र १९८४ साली एक वेगळीच गोष्ट घडली. तोक्योच्या पश्चिमेला कोदाइरा येथे त्यांच्या महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीच्या माळ्यावर जुन्या पत्रांचा मोठा साठा सापडला. उमेकोंनी आपल्या अमेरिकन ‘आई’ला, म्हणजे ॲडेलाइन लॅनमन यांना, जवळजवळ तीस वर्षे लिहिलेली ही शेकडो पत्रे. त्यांतील निवडक पत्रांचे पुस्तक १९९१ साली निघाले आणि नोटेवरच्या गंभीर चेहऱ्यामागची रागावणारी, कंटाळणारी, पैशांची विवंचना करणारी तरुण मुलगी प्रथमच लोकांसमोर आली. तिची हकीकत आपल्यासारख्या परदेशी बिऱ्हाड केलेल्यांना फार जवळची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सहा वर्षांची विद्यार्थिनी

२३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामाहून ‘अमेरिका’ नावाच्या बोटीने इवाकुरा शिष्टमंडळ निघाले. मंत्री, अधिकारी आणि विद्यार्थी मिळून शंभराहून अधिक माणसे, आणि त्यांत पाच मुली. होक्काइदोच्या विकासासाठी नेमलेल्या ‘काइताकुशी’ या सरकारी खात्याने त्यांना दहा वर्षांसाठी पाठवले होते. प्रवास, शिक्षण आणि राहणे सरकारी खर्चाने, शिवाय वर्षाला प्रत्येकी ८०० डॉलर. काळाच्या मानाने ही रक्कम घसघशीतच म्हणायची. सर्वांत धाकटी उमे सहा वर्षांची. तिचा सातवा वाढदिवस, ३१ डिसेंबर, भर समुद्रात गेला.

हे धाडस करायला आईबाप कसे तयार झाले, असा प्रश्न कुणालाही पडेल. उमेचे वडील त्सुदा सेन हे १८६७ साली शोगुन सरकारच्या कामानिमित्त स्वतः अमेरिका पाहून आले होते. दुसरी मुलगी अकरा वर्षांची यामाकावा सुतेमात्सू. ती आइझूची, म्हणजे १८६८ च्या यादवीत हरलेल्या पक्षाची. आठ वर्षांची असताना तिने वेढा पडलेल्या किल्ल्यात तोफांचा मारा सोसला होता. निघताना आईने तिचे मूळचे साकीको हे नाव बदलले. ‘सुते’ म्हणजे टाकणे आणि ‘मात्सू’ म्हणजे वाट पाहणे. मुलीला सोडून देते आहे, पण तिची वाटही पाहते आहे, हे त्या माउलीने नावातच गुंफून ठेवले.

पाचांपैकी थोरल्या दोघी प्रकृतीच्या कारणाने १८७२ मध्येच परतल्या. उरलेल्या तिघींना वेगवेगळ्या घरी ठेवण्यात आले. नागाई शिगे कनेटिकटमध्ये ॲबट कुटुंबात गेली. सुतेमात्सू न्यू हेवनच्या बेकन घराण्यात गेली. घराचे प्रमुख लेनर्ड बेकन हे नामांकित धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचे विरोधक. उमे गेली वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये चार्ल्स लॅनमन यांच्याकडे. लॅनमन लेखक आणि चित्रकार, एके काळी डॅनियल वेब्स्टर या मुत्सद्द्याचे खासगी चिटणीस, आणि त्या वेळी जपानी वकिलातीत चिटणीस होते. पत्नी ॲडेलाइन ही जॉर्जटाउनच्या डॉज या श्रीमंत व्यापारी घराण्यातली. मूलबाळ नव्हते. सरकारी व्यवस्थेने घरी आलेली पोर पाहतापाहता घरचीच झाली.

परतीची वाट

१८८२ च्या नोव्हेंबरात उमे आणि सुतेमात्सू योकोहामाला उतरल्या. शिगे आदल्या वर्षीच परतली होती. सुतेमात्सू वासर कॉलेजची पदवी घेऊन आली होती. देशासाठी शिकलो, आता देशाचे ऋण फेडायचे, या विचाराने त्या आल्या. पण ज्या खात्याने त्यांना पाठवले ते काइताकुशी खाते त्याच वर्षी बंद झाले होते. परतलेल्या मुलांना सरकारात जागा मिळत होत्या. मुलींचे काय करायचे याचा विचार कोणी केलाच नव्हता.

त्याहून मोठी अडचण भाषेची. उमे जपानी साफ विसरली होती. वडिलांना इंग्रजी येत होते म्हणून निभावले, पण जन्मदात्या आईशी मनातले दोन शब्द बोलता येईनात. जमिनीवर गुडघे मुडपून बसणे जमेना, वडीलधाऱ्यांसमोर कसे आणि किती वाकायचे ते कळेना. अठरा वर्षांच्या या मुलीला आपल्याच घरात पाहुण्यासारखे वाटू लागले. मग मनातले बोलायचे कुणाशी? तर साता समुद्रापलीकडच्या मिसेस लॅनमनशी, इंग्रजीत, कागदावर.

या पत्रांत सगळे काही आहे. घरातली माणसे, नोकरीची वाट पाहण्यातली तगमग, इतो हिरोबुमी यांच्या घरी शिक्षिका आणि दुभाषी म्हणून राहिल्यावर आलेले अनुभव, आणि १८८५ मध्ये सरदार घराण्यांतील मुलींच्या शाळेत मिळालेली जागा. लग्नाचा विषय तर वारंवार येतो. भोवतालचे सगळे तिच्या लग्नाची चिंता वाहत होते, त्यात मिसेस लॅनमनही. शेवटी उमेने त्यांना जवळजवळ खडसावलेच की मला हा विषय नको झाला आहे, पुन्हा काढू नका. ‘त्यांनी आजन्म अविवाहित राहून शिक्षणाला वाहून घेतले’ असे चरित्रकार एका वाक्यात लिहितात. पत्रे वाचली म्हणजे कळते की हा निर्णय एका दिवसात, एखाद्या व्रतासारखा घेतलेला नव्हता. तो रोजच्या टोचणीतून, थोडा थोडा करून झाला.

प्रेम आणि हिशेब

घरगुती पत्रव्यवहार म्हणजे नुसता जिव्हाळा, असे समजू नये. या अमेरिकन घरांशी चाललेल्या पत्रव्यवहारावरच पुढे संस्था उभी राहिली. १८८९ मध्ये उमेको रजा घेऊन फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात गेल्या. तिथे जीवशास्त्र शिकल्या, बेडकाच्या अंड्यांवर संशोधन केले. पुढे नोबेल मिळवणारे टी. एच. मॉर्गन आणि त्या, असा दोघांच्या नावाने लेख १८९४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतच राहून संशोधन करण्याचा मार्ग मोकळा असताना त्या १८९२ मध्ये परतल्या. पण येण्यापूर्वी फिलाडेल्फियाच्या मेरी मॉरिस या धनिक क्वेकर बाईंच्या पुढाकाराने एक समिती उभी करून आल्या. ८,००० डॉलरचा निधी जमवायचा आणि त्याच्या व्याजावर जपानी मुलींना अमेरिकेत शिकवायचे, असा रोकडा हिशेब होता.

१९०० साली भाड्याच्या घरात दहा मुलींवर शाळा सुरू झाली तेव्हा याच ओळखी कामी आल्या. सुतेमात्सूची मानलेली बहीण एलिस बेकन शिकवायला थेट अमेरिकेहून आली. १९२३ च्या भूकंपात इमारत भस्मसात झाली, तेव्हा उमेकोंची फिलाडेल्फियाची मैत्रीण ॲना हार्टशोर्न अमेरिकेला गेली आणि तिने पाच लाख डॉलरचा निधी उभा केला. त्यातून कोदाइराची वास्तू झाली. मुख्य इमारतीला हार्टशोर्न यांचेच नाव आहे आणि तिच्याच माळ्यावर ती पत्रे सापडली. ज्या नात्यांनी इमारत बांधली, त्या नात्यांचे कागद तिच्याच छपराखाली इतकी वर्षे पडून होते.

पत्रांची साक्ष

आता सुतेमात्सूविषयी. तिने १८८३ मध्ये युद्धमंत्री ओयामा इवाओ यांच्याशी लग्न केले. ओयामा सात्सुमाचे, म्हणजे आइझूच्या किल्ल्यावर तोफा डागणाऱ्या पक्षाचे. शिवाय ते विधुर, तीन मुलींचे वडील. थोरली नोबुको क्षयाने १८९६ मध्ये गेली. दोनच वर्षांनी तोकुतोमी रोका यांची ‘होतोतोगिसु’ ही कादंबरी वर्तमानपत्रातून येऊ लागली आणि घरोघर पोहोचली. त्यात परदेशात शिकून आलेली एक दुष्ट सावत्र आई आहे. ही कोण, ते सांगावे लागले नाही. सुतेमात्सूला तो कलंक आयुष्यभर पुरला. १९१९ मध्ये ती गेली.

ती मात्र या सगळ्या काळात एलिस बेकनला पत्रे लिहीत होती. तिची पणती अकिको कुनो हिने १९८८ साली चरित्र लिहिले ते या पत्रांच्या आधारे. सावत्र मुलींना जीव लावणारी, दरबारी थाटात गुदमरणारी, तरी मिस्कील अशी बाई त्यांतून दिसते. लोकप्रिय कादंबरीने दिलेला निकाल नव्वद वर्षांनी काही घरगुती पत्रांनी फिरवला. बेकनांच्या घरी कोणी ती रद्दीत टाकली असती, तर कादंबरीचीच साक्ष शेवटची ठरली असती.

आपल्या जोशी

हे वाचताना आपल्याला आनंदीबाई आठवल्याशिवाय कशा राहतील? उमेकोंचा जन्म ३१ डिसेंबर १८६४ चा, आनंदीबाई जोशींचा ३१ मार्च १८६५ चा. बरोबर तीन महिन्यांचे अंतर. उमे अमेरिकेतून परतली आणि काही महिन्यांतच, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांनाही असेच एक घर मिळाले होते, न्यू जर्सीतल्या रोझेल गावचे कार्पेंटर कुटुंब. गोपाळरावांचे एका मासिकात छापलेले पत्र वाचून थिओडोशिया कार्पेंटर यांनी १८८० साली आपण होऊन पत्र पाठवले आणि आनंदीबाईंनी त्यांना मावशी केले. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ साली काढलेले प्रसिद्ध छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात साडीतल्या आनंदीबाईंजवळ किमोनो घातलेली जी तरुणी आहे ती ओकामी केइ, जपानची.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या हातून संस्था उभी राहण्याइतका अवधी काळाने दिलाच नाही. तरीही आज आपल्याला त्यांचा स्वभाव, त्यांचा विनोद, त्यांचा करारी बाणा माहीत आहे. कारण कॅरोलाइन डॉल यांना १८८८ मध्ये इंग्रजी चरित्र लिहिता आले आणि काशीबाई कानिटकरांना मराठी, आणि दोन्हींच्या मुळाशी पत्रे आहेत. पंडिता रमाबाईंची पत्रेही एका इंग्रज सिस्टरने जमवून ठेवली म्हणून १९७७ साली महाराष्ट्र सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाला ती छापता आली. या सगळ्यांत एक साम्य आहे. लिहिणाऱ्या बाया आपापल्या कामात बुडालेल्या होत्या. पत्रे राखली ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणीतरी, त्यांच्यावर माया करणाऱ्या बाईने.

मात्र या साठ्यात एक उणीव आहे, तीही सांगितली पाहिजे. माळ्यावरच्या पत्रांच्या पुस्तकात आवाज उमेकोंचा आहे. समुद्रापलीकडून मिसेस लॅनमन काय म्हणत होत्या, ते उमेच्या उत्तरांवरून ताडावे लागते. पत्रव्यवहाराला दोन टोके असतात आणि दोन्ही सांभाळणारे क्वचितच भेटतात.

वाचकहो, आपल्यातील पुष्कळांच्या घरी आईवडिलांची निळी आंतर्देशीय पत्रे, एअरोग्राम, हुंड्यांच्या पावत्या, घरभाड्याचे आणि फीचे हिशेब कुठल्यातरी खोक्यात असतील. तिकडे पुण्याला, कोल्हापूरला, गोव्याला आपण पाठवलेली पत्रे एखाद्या ट्रंकेत असतील. पुढच्या सुट्टीत गेलात की ट्रंक उघडून पाहा. दोन्ही टोके एकत्र आणा. तारीख नसेल तर पोस्टाच्या शिक्क्यावरून घाला आणि ‘बंडू’, ‘ताई’, ‘नाना’ म्हणजे कोण ते पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. आणखी एक. आपली मुले जपानी उत्तम बोलतात, इंग्रजीही बोलतात, पण मराठी लिपी त्यांच्या हातून सुटत चालली आहे. उमेला आईशी बोलता येत नव्हते. आजीची पत्रे हातात असून नातवंडांना ती वाचता येऊ नयेत, ही वेळ आपल्या घरी येऊ द्यायची की नाही, हे अजून आपल्या हातात आहे. रविवारी एक पत्र मुलांना शेजारी बसवून मोठ्याने वाचले, तरी सुरुवात झाली.