सी बॅटरी गेली, आवाज आला

आज बोलायचंय गिटार अ‍ॅम्प्लिफायरबद्दल, पण सुरुवात करतो १९२० च्या दशकातल्या अमेरिकन रेडिओपासून. त्याला तीन बॅटऱ्या लागायच्या. व्हॉल्व्हची तार तापवायला ए, प्लेटला बी आणि ग्रिडला सी. ग्रिड कॅथोडपेक्षा थोडी ऋण ठेवली नाही, तर व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट वाहतो. या ऋण व्होल्टेजला म्हणतात बायस.

पुढे घरच्या विजेवर चालणारे रेडिओ आले आणि सी बॅटरी गेली. युक्ती साधी होती: ग्रिड खाली ओढण्याऐवजी कॅथोडच वर उचला. कॅथोडखाली १५० ओहमचा रेझिस्टर लावा. ५० मिलिअँपिअर करंट गेला की ७.५ व्होल्ट आपोआप मिळतात. खरी गंमत पुढेच आहे. करंट वाढला की हे व्होल्टेजही वाढतं, ग्रिड आणखी ऋण होते आणि करंट खाली येतो. व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला आवरतो!

इंग्लंडमध्ये डिक डेनी यांच्या व्हॉक्स एसी३० मध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह असेच एका सामायिक रेझिस्टरवर बसले. बीटल्सनी हाच अ‍ॅम्प्लिफायर वापरला. जोरात वाजवलं की बायस सरकतो, सूर किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो.

अर्थात, फुकट काहीच नाही. फिक्स्ड बायसपेक्षा पॉवर कमी मिळते आणि वादक गप्प असला तरी व्हॉल्व्ह तापतच राहतात. पण मला भावतं ते हे: काटकसर म्हणून आलेला एक रेझिस्टर वादकांच्या कानात आवाज होऊन बसला.