‘ॲश्युअर्ड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि बीड जिल्ह्यातील त्याचा वापर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत येताना त्याचा संपूर्ण अर्थ बरोबर येतोच असे नाही. साहित्यात ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु प्रशासनात शब्दांवर योजना, निधी आणि सामान्य माणसाचे निर्णय अवलंबून असतात. खात्री व्यक्त करणारा ‘ॲश्युअर्ड’ हा इंग्रजी शब्द मराठवाड्यात मुख्यतः पर्जन्य, सिंचन आणि विमा या क्षेत्रांतून आला. बीड तालुक्यातील पाली गावाजवळ बिंदुसरा नदीवर धरण आहे. याच नदीच्या १९८९ च्या महापुराने बीड शहरात मोठी हानी केली, तर १९७२, २०१२ आणि २०१५ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील जलाशयांनी तळ गाठला. अशा प्रदेशात ‘खात्रीचे पाणी’ या शब्दप्रयोगाचा नेमका अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती :
‘ॲश्युअर्ड’च्या मुळाशी ‘शुअर’ हा शब्द आहे. लॅटिनमधील ‘सेक्युरुस’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन ‘शुअर’ झाला. ‘से’ म्हणजे विना आणि ‘कुरा’ म्हणजे चिंता. म्हणजेच मूळ अर्थ ‘निश्चिंत’ असा होता. ‘निश्चित’ हा अर्थ नंतर आला. मराठीत या दोन शब्दांत केवळ एका अनुस्वाराचे अंतर आहे, मात्र अर्थाचे अंतर मोठे आहे. निश्चिंत असते ते माणसाचे मन; निश्चित असते ती घटना. इंग्रजी शब्दाने हे दोन्ही अर्थ आपल्यात सामावून घेतले. शिवाय ‘ॲश्युअर’ या क्रियापदाला कर्ता लागतो. कोणीतरी कोणालातरी दिलासा देतो, हे त्यात गृहीत असते.

मराठीतील प्रतिशब्द :
मराठीत खात्रीच्या छटा अनेक शब्दांत विभागलेल्या आहेत. ‘खात्री’ हा शब्द अरबी-फारसी ‘खातिर’ म्हणजे मन यावरून आला. ‘खातरजमा’ म्हणजे मनाचे समाधान. ‘पक्का’ हा संस्कृत ‘पक्व’पासून झालेला शब्द परिपक्वता सांगतो. ‘हमी’ला हमीदार लागतो आणि ‘भरवसा’ कोणावर तरी ठेवावा लागतो. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ या म्हणीत भरवसा फसण्याची शक्यताही नोंदलेली आहे. निजामाच्या राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची भाषा असल्याने मराठवाड्याच्या बोलीत ‘यकीन’, ‘जरूर’ हेही शब्द रुळले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासकीय मराठीची घडण सुरू झाली. या घडणीत संस्कृतनिष्ठ ‘निश्चित’ आणि ‘आश्वासित’ या शब्दांना प्राधान्य मिळाले.

पर्जन्य आणि सिंचन :
महाराष्ट्राचे नऊ कृषी-हवामान विभाग मानले जातात. त्यांपैकी मध्य महाराष्ट्र पठाराचा विभाग ‘ॲश्युअर्ड रेनफॉल झोन’, म्हणजे ‘निश्चित पर्जन्याचा विभाग’, म्हणून ओळखला जातो. सरासरी ७०० ते ९०० मिलिमीटर पावसाच्या या विभागात बीड जिल्ह्याचा मोठा भाग येतो. जिल्ह्याचा काही पश्चिम भाग मात्र अवर्षणग्रस्त विभागात मोडतो. लातूरही याच ‘निश्चित’ विभागात आहे. तरीही एप्रिल २०१६ मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

येथे हवामानशास्त्र चुकले असे म्हणता येणार नाही. त्या शास्त्रात ‘ॲश्युअर्ड’ हा तुलनेचा व संभाव्यतेचा शब्द आहे. जलनियोजनात ही बाब अधिक स्पष्टपणे मांडली जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने २०६० अब्ज घनफूट पाणी गृहीत धरले. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे सरासरीने चारपैकी तीन वर्षे तेवढे पाणी मिळणे आणि एका वर्षी न मिळणे. ‘निश्चित’ या मराठी शब्दात त्या चौथ्या वर्षाला जागाच उरत नाही. पेरणीचा आणि कर्जाचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला मात्र नेमके तेच वर्ष महत्त्वाचे असते.

हमीची परंपरा :
याउलट वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या योजनेला ‘रोजगार हमी’ हे नाव मिळाले. १९७७ चा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात हमीदार शासन होते आणि काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याची तरतूद होती. म्हणजे हमी मोडल्यास काय करायचे, हेही सांगितलेले होते. २०२० च्या खरिपात पीक विम्यासाठी राबविलेल्या ‘बीड पॅटर्न’मध्येही हीच स्पष्टता दिसते. जमा विमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंतची भरपाई कंपनीने आणि त्यावरची राज्य शासनाने द्यायची, असे त्यात ठरले. भरपाई कमी झाल्यास कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उर्वरित रक्कम शासनाला परत करायची होती. खात्री कोणाची आणि किती, हे येथे आकड्यांत मांडलेले आहे.

निष्कर्ष :
‘ॲश्युअर्ड’ या शब्दात खात्री देणारा आणि खात्रीचे प्रमाण या दोन्हींना वाव आहे. ‘निश्चित’ या प्रतिशब्दात दोन्ही लोप पावतात. कर्ता असेल तेथे ‘हमी’ आणि संभाव्यता असेल तेथे टक्केवारीसह ‘विश्वासार्ह’ असा शब्द योजणे अधिक योग्य ठरेल. कृषी, भूगोल व अर्थशास्त्राच्या अध्यापनात प्राध्यापकांनी हा भेद आवर्जून स्पष्ट करावा. बिंदुसरेच्या खोऱ्यातील शेतकरी ‘पावसाचा भरवसा नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो पारिभाषिक शब्दापेक्षा अधिक अचूक बोलत असतो.