हळदीचं पेटंट आणि तीन खुर्च्या

पेटंटमध्ये करिअर म्हणजे वकिली, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पण एकाच पेटंटभोवती किमान तीन वेगळे पेशे असतात. हळदीच्या प्रकरणात ते तिन्ही स्पष्ट दिसतात.

सांगली ही हळदीची मोठी पेठ. १९४९ ते १९६० या काळात हा जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवायची रीत त्याच्याही आधीची. जखमेवर हळद लावावी हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत त्याच वापराचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावावर मंजूर झालं. हे झालं कसं?

पहिली खुर्ची परीक्षकाची. अर्जात खरंच नवं काय आहे, हे तो तपासतो. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशातली नुसती वहिवाट पुरावा ठरत नसे. ती छापील लेखात किंवा पेटंटमध्ये असावी लागे. म्हणजे आजीची हळद हिशेबातच नव्हती! आपल्याकडे परीक्षक हे केंद्र सरकारचं पद आहे, स्पर्धा परीक्षेतून मिळणारं. कार्यालयं कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नईला. स्थिर नोकरी, पण निर्णयाची जबाबदारी तुमची.

दुसरी खुर्ची पूर्वज्ञान शोधणाऱ्याची. १९९६ मध्ये सीएसआयआरने फेरतपासणी मागितली, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते. संस्कृत, हिंदी, उर्दूसह जुन्या साहित्यातून ३२ संदर्भ काढले गेले. त्यात १९५३ चा एक वैद्यकीय शोधलेखही होता. या कामाला परवाना लागत नाही. लागते ती चिकाटी, विषयाची जाण आणि भाषा. पीएच.डी.साठी साहित्य-आढावा घेताना आपण जे करतो, जवळपास तेच.

तिसरी खुर्ची एजंटची. तो संशोधकाच्या वतीने मसुदा लिहितो, कार्यालयापुढे बाजू मांडतो. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ नुसार भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पात्रता परीक्षा एवढं हवं. एलएल.बी.ची अट नाही. उलट, विज्ञानाची पदवी नसलेल्या वकिलाला एजंट होता येत नाही. दहा वर्षं परीक्षक राहून पद सोडलेल्याला ही परीक्षा माफ आहे. म्हणजे पहिल्या खुर्चीवरून तिसरीवर जायची वाट कायद्यानंच ठेवलीय.

१९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरलं. हळद लावण्याचा अनुभव कोट्यवधींकडे होता. निकाल फिरला तो कुणीतरी जुने छापील कागद शोधून मांडले म्हणून. तेव्हा खुर्ची निवडताना पगाराआधी स्वतःला विचारा: मला निवाडा करायला आवडतं, शोधायला की बाजू मांडायला? आणि मराठी, संस्कृत किंवा मोडी वाचता येत असेल, तर ते कौशल्य बायोडेटात तळाशी ढकलू नका.