स्वच्छ कुंडीतली चूक

हरभरा किंवा भुईमूग निघाल्यावर त्याच रानातलं पुढचं पीक जोर धरतं, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. बेवड चांगला आहे म्हटलं की विषय संपतो. ही जाण एकट्या आपलीच नव्हे. पहिल्या शतकातल्या कोलुमेल्ला या रोमन लेखकाने जमिनीचा कस वाढवणाऱ्या शेंगवर्गीय पिकांची नावं लिहून ठेवली आहेत, आणि अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये क्लोव्हरला फेरपालटीत पक्की जागा मिळाली. या अनुभवाचा खुलासा मात्र १८८६पर्यंत कुणालाच करता आला नाही. त्याआधीची तीसेक वर्षं तर प्रयोगशाळेने तो जवळजवळ खोटा ठरवला होता, आणि तेही फार नेटकं काम करून.

फ्रेंच शास्त्रज्ञ बुसँगोने १८३८च्या सुमारास क्लोव्हर आणि वाटाणा हवेतून नत्र मिळवतात असं दाखवलं होतं. आक्षेप आले तेव्हा त्याने वाळू भाजून, भांडी निर्मळ करून प्रयोग पुन्हा केले, आणि नत्राची वाढ नाहीशी झाली. १८५७-५८मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी तापवून काढलेल्या मातीत, गाळलेल्या हवेत झाडं वाढवली, निष्कर्ष तोच. प्रयोगात खोट नव्हती, गृहीतकात होती: झाड एकटं जगतं असं मानून त्याच्या भोवतीचं सगळं धुऊन टाकलं होतं. पुढे जर्मनीत हेलरीगल आणि विल्फार्ट या संशोधकांच्या कुंड्यांत ओट नत्राच्या मापाबरहुकूम वाढले, वाटाणा मात्र लहरी निघाला. एका कुंडीत मरतुकडा, शेजारच्या कुंडीत तरारलेला. त्यांनी ही लहर चूक म्हणून झटकली नाही. शेतातल्या मातीचं पाणी घातलं की वाटाणा सुधारे, तेच पाणी उकळून घातलं की सुधारत नसे. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी जिवंत होतं. १८८६च्या या उलगड्यानंतर दोनच वर्षांनी हॉलंडमध्ये बायरिंकने मुळांवरच्या गाठींतून तो जिवाणू वेगळा केला.

झाड आणि हा जिवाणू एकमेकांना कसे ओळखतात, याचं नेमकं उत्तर मिळायला आणखी शंभर वर्षं गेली. नत्राची उपासमार झाली की मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं मातीत सोडतं. लसूणघासात त्यातलं एक ल्युटिओलिन असल्याचं १८८६नंतर बरोब्बर शतकाने, १९८६मध्ये, दिसलं. त्याने जिवाणूची जनुकं जागी होतात आणि तो नॉड घटक नावाचा रेणू सोडतो. त्याची रचना फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने १९९०मध्ये उलगडली. कायटिनसारखी छोटी साखळी आणि तिला चिकटलेलं मेदाम्ल, एवढाच तो ऐवज, पण साखळीवरचा एखादा गट बदलला तरी जोडीदार झाड दार उघडत नाही. आत आल्यावरही विश्वास आंधळा नसतो. २००३मध्ये संशोधकांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून तिथे आरगॉन भरला. कामचुकार ठरलेल्या त्या जिवाणूंची वाढ झाडाने रोखून धरली.

यावर कुणी म्हणेल, मग पूर्वजांना सगळं ठाऊकच होतं. नव्हतं. रानात आयता नत्र भरपूर असेल तर गाठी कमी धरतात, आणि दाण्यातून बाहेर जाणारा नत्र बराच असतो. म्हणून हरभरा मुळासकट उपटून नेला तर जमिनीला हिशेबात थोडंच उरतं. तुरीचा बेवड खरा ठरतो त्यात तिच्या गळलेल्या पाल्याचा वाटा मोठा आहे. परंपरेने परिणाम अचूक टिपला, अटी मात्र अंदाजाने. जुन्या पिकांचे जोडीदार जिवाणू रानात आधीपासून होते, तोवर ही उणीव झाकली गेली. सोयाबीन मोठ्या प्रमाणावर आलं ते गेल्या काही दशकांत. त्याला स्वतःचा ब्रॅडीरायझोबियम जिवाणू लागतो, आणि ज्या रानात सोयाबीन कधी घेतलंच नाही तिथे तो पुरेसा असेलच असं नाही. म्हणून बेवडावर भिस्त ठेवणाऱ्या शेतकऱ्यालाही गुळाच्या पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून बियाण्याला चोळावं लागतं, आणि ते सावलीत सुकवून लगोलग पेरावं लागतं, कारण उन्हात तो जिवाणू मरतो.