मुंबईच्या गोदींतून परदेशीं गेलेलीं जहाजें

नांदगांव खंडेश्वराच्या मुलुखांतून कापूस परदेशीं गेला. त्यावरून हिंदुस्थान केवळ कच्चा मालच धाडीत असे, असा समज होतो. तो सर्वस्वीं खरा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं इंग्लंडच्या आरमारासाठीं ७४ तोफांचें ‘मिंडेन’ बांधलें, तें इ. स. १८१० मध्यें पाण्यांत उतरलें. पुढें ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) व ‘त्रिंकोमली’ (१८१७) हीं जहाजें झालीं. इ. स. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वरच झाला. मलबारी सागवानाचा टिकाऊपणा हें या मागणीचें मुख्य कारण. ‘त्रिंकोमली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे, हा त्याचा प्रत्यक्ष पुरावा होय.

पुढें लोखंड व वाफ आली आणि लांकडी जहाजांची मागणी सरली. आज या व्यापारांत चीन, दक्षिण कोरिया व जपान हे देश अग्रेसर आहेत.

तरी संग्राहकांनीं जुन्या दप्तरांतून केवळ राजकारणाचींच पत्रें न वेंचतां सुतार, लांकूड व मोजमापें यांचे हिशेबहि जपावे, ही आमची विनंती.