शेटलँडला पफिन बघायला जायचंय? मग ऑगस्टनंतरचं तिकीट काढू नका

काळी पाठ, पांढरं पोट, केशरी पाय आणि रंगीत चोचीत आडवे लटकणारे मासे. हा पक्षी तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की बघितला असेल. त्याचं नाव पफिन. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलँड बेटांवर तो अगदी काही फुटांवरून दिसतो.

पण वर्षातले जेमतेम चार महिनेच. एप्रिलमध्ये पफिन पिल्लं वाढवायला जमिनीवर येतात आणि ऑगस्ट उजाडला की पुन्हा भर समुद्रात निघून जातात. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर उत्तम, गणपती आटोपून गेलात तर कडे रिकामे.

शेटलँडमध्ये १०० च्या आसपास बेटं आहेत, पण माणसांची वस्ती फक्त १६ बेटांवर. अॅबरडीनहून विमानाने किंवा रात्रभराच्या बोटीने मुख्य बेटावर पोहोचता येतं.

पफिनसाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे याच बेटाचं दक्षिण टोक, सुंबर्ग हेड. विमानतळापासून अगदी जवळ. इथलं दीपगृह १८२१ सालचं, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनच्या आजोबांनी बांधलेलं. कड्यालगतच्या दगडी भिंतीपलीकडे पफिनची बिळं आहेत. वर्षाला एकच अंडं, एकच पिल्लू. बिळाजवळ माणूस उभा असेल तर मासे घेऊन आलेला पफिन आत जात नाही आणि पिल्लू उपाशी राहतं. त्यामुळे फोटो भिंतीच्या अलीकडूनच काढायचा.

पफिनचा जीव सँडइल नावाच्या बारक्या माशावर आहे. हे मासे कमी होत असल्याने स्कॉटलंडने मार्च २०२४ मध्ये आपल्या समुद्रात सँडइल पकडायला बंदी घातली.

गॅनेट बघायचे असतील तर नॉस बेट किंवा उत्तरेच्या अन्स्ट बेटावरचं हर्मानेस. पंख पसरले की जवळपास दोन मीटर रुंद दिसणारा हा पक्षी उंचावरून बाणासारखा पाण्यात सूर मारतो. नॉसचा कडा १८१ मीटर उंच आहे आणि बोटीतून वर बघितलं की पक्ष्यांनी तो पांढरा झालेला दिसतो. हर्मानेसला मात्र दोन फेरीबोटी बदलून जावं लागतं, वर बरीच पायपीट. वेळ कमी असेल तर नॉसच बरं.

हर्मानेसच्या वाटेवर बॉन्क्सी भेटतो. हा दांडगट समुद्रपक्षी घरट्याजवळ येणाऱ्या माणसाच्या थेट डोक्यावर झेप घेतो. मात्र २०२१ पासून बर्ड फ्लूने याच पक्ष्याचा सर्वाधिक बळी घेतला. ब्रिटनमधली त्यांची संख्या ७६ टक्क्यांनी घटली. २०२२ मध्ये तर नॉसवर पर्यटकांना उतरायलाच बंदी होती. आजही मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावायचा नाही.

मूसा बेटाची गंमत रात्री असते. इथे दोन हजार वर्षांपूर्वीचा, १३ मीटर उंच दगडी बुरूज आहे. त्याच्या भिंतींच्या फटींत चिमणीएवढे स्टॉर्म पेट्रेल घरटी करतात. गल खाऊन टाकतील म्हणून ते अंधार पडल्यावरच घरी येतात. उन्हाळ्यात इथे पूर्ण काळोख होतच नाही, त्यामुळे मध्यरात्रीच्या संधिप्रकाशात शेकडो पक्षी बुरुजाभोवती फिरताना दिसतात आणि भिंतींमधून घुरघुर ऐकू येते. शेटलँडमध्ये एकच रात्र जागायची असेल तर ती इथे.

पाणमांजरं कोकणातल्या खाड्यांतही आहेत, पण दिसणं नशिबाची गोष्ट. शेटलँडच्या येल बेटावर ती दिवसाढवळ्या किनाऱ्यावर खेकडे-मासे खाताना दिसतात. केसांतलं मीठ धुवायला त्यांना गोडं पाणी लागतं, म्हणून ओढा समुद्राला मिळतो तिथे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला गप्प बसायचं. वास लागला की ती गायब.

आणि ऑर्का, म्हणजे किलर व्हेल? सीलच्या शिकारीसाठी त्या किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात, कधी कधी रस्त्यावरूनही दिसतात. पण त्यांचं वेळापत्रक नाही. स्थानिक लोक दिसल्या की सोशल मीडियावर खबर टाकतात. फोन चार्ज आणि गाडीत पेट्रोल, एवढीच तयारी.